‘किती जाड झालीस गं!’ : घरातलं एक वाक्य वयात येणाऱ्या मुलांच्या मनात इतकं का रुततं?

लग्नाचा हॉल असो, गणपतीत भरलेलं घर असो किंवा दिवाळीचा फराळ. बऱ्याच दिवसांनी भेटलेले नातेवाईक पहिलंच वाक्य टाकतात. ‘किती जाड झालीस गं!’ ‘उन्हात हिंडतोस वाटतं, पार काळवंडलास.’ ‘अजून मिशी फुटली नाही का रे?’

बोलणारा पुढच्या मिनिटाला ते विसरून जातो. त्याच्या मनात वाईटही काही नसतं. आपल्याकडे ही विचारपूसच समजली जाते. पण समोरची १३-१४ वर्षांची मुलगी किंवा मुलगा ते वाक्य घेऊन घरी जातो. मग ग्रुप फोटोत मागे उभं राहणं सुरू होतं, उन्हाळ्यातही जॅकेट अंगावर राहतं आणि पुढच्या लग्नाच्या दिवशी नेमकं पोट दुखतं.

घरच्यांना वाटतं, ‘एवढंसं बोललं तर काय झालं? आमच्या वेळी असले लाड नव्हते.’ मुलांना वाटतं, ‘यांना काही सांगून उपयोगच नाही.’ या दोन वाक्यांच्या मध्ये नेमकं काय घडत असतं? चिंता, स्वतःबद्दलची प्रतिमा आणि घरातली नाती या तिन्ही गोष्टी या वयात एकमेकींत इतक्या गुंतलेल्या का असतात? समजून घेऊया.

किशोरवयात शरीरात आणि मेंदूत काय बदलतं?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ या वयात होते, तर मुलांमध्ये ९ ते १४ या वयात. म्हणजे सातवीच्या एकाच वर्गात एक मुलगी मोठ्या बाईसारखी दिसू शकते आणि तिच्या शेजारची अजून लहान मूल वाटू शकते. दोघीही पूर्णपणे नॉर्मल असतात. पण दोघींनाही आपलंच काहीतरी बिनसलंय असं वाटू शकतं.

या काळातले बरेच बदल कुणी आधी सांगितलेलेच नसतात. मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढणं हा वाढीचाच भाग आहे, पण घरात त्याला ‘जाड होणं’ म्हणतात. साधारण निम्म्या मुलग्यांना या वयात छातीच्या ठिकाणी थोडी सूज किंवा गाठ जाणवते. हार्मोन्समुळे होणारा हा प्रकार बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. पण हे माहीत नसलेला मुलगा शर्ट काढायला लाजतो, पोहायला जाणं बंद करतो आणि कुणाला विचारतही नाही.

मेंदूतही बदल सुरू असतात. भावना आणि धोका यांना झटपट प्रतिसाद देणारे भाग लवकर तयार होतात. थांबून विचार करणारा, भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. झोपेचं घड्याळही पुढे सरकतं. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन हे हार्मोन रात्री उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे ‘रात्री लवकर झोपत नाही, सकाळी उठत नाही’ हा सगळाच आळस नसतो. आणि अपुऱ्या झोपेवर चिंता अधिक जोर धरते.

‘सगळे माझ्याकडेच बघतायत’ असं का वाटतं?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये या वयाबद्दल एक कल्पना मांडली. तिला मराठीत ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हणता येईल. किशोरवयात माणसाला दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय याचा विचार नीट करता येऊ लागतो. पण आपल्या मनात जे चाललंय तेच समोरच्याच्याही मनात असणार, अशी गफलत होते. मला माझा पिंपल दिसतोय, म्हणजे अख्ख्या वर्गाला तोच दिसत असणार. जणू आपण सतत स्टेजवर आहोत आणि समोर प्रेक्षक बसलेत.

खरंच लोक इतकं बघतात का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका गमतीदार प्रयोगात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा, एका गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. मग त्याला विचारलं, किती जणांनी तुझा टी-शर्ट पाहिला असेल? अशा विद्यार्थ्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात तो टी-शर्ट कुणाचा होता हे सांगू शकणारे एक चतुर्थांशही नव्हते.

प्रयोगातले हे विद्यार्थी कॉलेजचे होते. म्हणजे मोठ्यांनाही हा भास होतो. किशोरवयात तो जास्त टोचतो, कारण या वयात गटातून बाहेर पडण्याची भीती मोठी असते. लंडनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये मुली आणि प्रौढ स्त्रियांना कॉम्प्युटरवर चेंडू फेकण्याचा एक साधा खेळ खेळायला दिला. खेळात मुद्दाम त्यांच्याकडे चेंडू येणं बंद केलं. वगळलं गेल्यावर किशोरवयीन मुलींचा मूड प्रौढ स्त्रियांपेक्षा जास्त खाली गेला. अनोळखी लोकांसोबतच्या खेळात हे होत असेल, तर वर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकल्यावर काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

आता या काल्पनिक प्रेक्षकांमध्ये एक खरा आवाज घाला. ‘किती जाड झालीस गं!’ मुलीला आतापर्यंत ज्याची फक्त शंका होती, त्यावर घरच्याच माणसाने शिक्का मारलेला असतो. म्हणून ते वाक्य रुततं.

तुलना तर पूर्वीही होती, मग आता काय बदललं?

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं, की स्वतःला मोजायला ठोस माप नसेल तेव्हा माणूस इतरांशी तुलना करतो. उंची फूटपट्टीने मोजता येते. ‘मी चांगला दिसतो का’ हे मोजायला फूटपट्टी नसते. मग शेजारचा, वर्गातला, चुलतभाऊ हीच फूटपट्टी होते.

ही फूटपट्टी बाहेरून बदलली तर काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण फिजीमधलं आहे. फिजीच्या परंपरेत भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानलं जायचं. १९९५ मध्ये तिथल्या नद्रोगा भागात पहिल्यांदा टीव्ही आला. संशोधक ॲन बेकर यांनी त्याच वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये ती पुन्हा केली. खाण्याबद्दलच्या बिघडलेल्या वृत्तीची धोक्याची पातळी ओलांडणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी १९९५ मध्ये नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के होतं. पाहणी लहान होती, दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि त्या काळात तिथे इतरही बदल होत होते. तरी ‘सुंदर शरीर’ ही कल्पना किती झपाट्याने बदलू शकते, हे त्यातून जगाला दिसलं.

आपल्याकडे रंगाची फूटपट्टी तर जुनीच. ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम भारतात १९७५ मध्ये आली आणि तिच्या नावातलं ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडलं. या ४५ वर्षांत आई-आजी झालेल्या पिढीने गोरेपणाच्या जाहिराती पाहतच स्वतःला आरशात पाहिलंय. त्यामुळे ‘बेसन लाव, उजळशील’ म्हणणारी आई मुलीला दुखवायला तसं म्हणत नाही. तिला जे ऐकवलं गेलं तेच ती पुढे देत असते.

सोशल मीडियाने ही तुलना चोवीस तास खिशात आणून ठेवली. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितलं होतं. कंपनीचं म्हणणं होतं की, अनेक मुलांना ॲपमुळे बरंही वाटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. ज्याचं मन आधीच दुखरं आहे, त्याला तिथे जास्त लागतं.

आणि हे फक्त मुलींचं नाही. मुलग्यांमध्ये उंची, मिशी, आवाज फुटणं आणि ‘बॉडी’ यांची तुलना चालते. ते बोलून दाखवत नाहीत, कारण ‘मुलगी आहेस का?’ हे पुढचं वाक्य तयारच असतं. मग ते चिडचिड, जिमचं वेड किंवा गप्प बसणं अशा रूपात बाहेर येतं.

घरातल्या बोलण्याचा खरंच इतका परिणाम होतो का?

होतो, आणि तो मोजलाही गेलाय. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दोन हजारांहून जास्त किशोरवयीन मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांत आई किंवा वडील मुलांच्या वजनाबद्दल, आकाराबद्दल बोलत होते, त्या मुलांमध्ये डाएटिंग, जेवण टाळणं, वजनासाठी घातक उपाय करणं किंवा एकदम खूप खाणं हे प्रकार जास्त दिसले. मात्र जिथे बोलणं वजनावर न राहता चांगल्या खाण्याबद्दल होतं, तिथे वजन जास्त असलेल्या मुलांमध्येही हे प्रकार कमी होते.

अशा अभ्यासातून ‘बोलण्यामुळेच झालं’ असं शंभर टक्के सिद्ध होत नाही. आधीच त्रास असलेल्या मुलांचे पालक जास्त बोलत असतील, असंही होऊ शकतं. पण एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. मुलाने वजन कमी करावं म्हणून मारलेला टोमणा ते काम करताना दिसत नाही.

टोमण्यासारखंच तुलनेचं. ‘शेजारच्या मुलाला बघ, ९५ टक्के पडले’ हे वाक्य अभ्यासाबद्दल असतं, पण ऐकणाऱ्याला ‘तू कमी आहेस’ एवढंच ऐकू येतं. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यात ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचं नाव घेतलं. मार्क आणि दिसणं, या दोनच गोष्टींवर आपली किंमत ठरते असं मुलाला वाटू लागलं, की दोन्ही ठिकाणी भीती बसते.

मग मुलांना काही बोलायचंच नाही का?

इथे घरं दुसऱ्या टोकाला जातात. पोर घाबरतंय म्हटल्यावर त्याच्यासाठी सगळं सोपं करून द्यायचं. मुलगी पाहुण्यांसमोर येत नाही, तर ‘तिचा अभ्यास चाललाय’ असं सांगायचं. मुलगा दुकानात बोलायला घाबरतो, तर त्याच्या वतीने आपणच बोलायचं. ‘मी बरी दिसते ना?’ असं दिवसातून वीस वेळा विचारलं, तर वीस वेळा ‘हो गं, छान दिसतेस’ म्हणायचं. यात माया असते. पण त्याचा परिणाम उलटा होऊ शकतो.

कारण चिंतेची एक खोड आहे. जी गोष्ट टाळली, ती पुढच्या वेळी आणखी मोठी वाटते. लग्नाला गेलं नाही की त्या क्षणी हायसं वाटतं. मेंदू शिकतो, ‘टाळलं म्हणून वाचलो.’ पण लग्नात फार तर दोन वाक्यं ऐकावी लागली असती आणि मग चुलत बहिणींसोबत मजा आली असती, हे कळायची संधीच जाते.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी यावरच एक उपचारपद्धती तयार केली. त्यात मुलांना बोलवतच नाहीत, फक्त पालकांना शिकवतात. चिंतेचा आजार असलेल्या ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांचा अभ्यास झाला. काही मुलांना थेट उपचार, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी थेरपी दिली. बाकीच्यांच्या फक्त पालकांना १२ आठवडे मार्गदर्शन केलं. शेवटी दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये जवळपास सारखीच सुधारणा दिसली.

याचा अर्थ पालकांमुळे आजार होतो असा नाही. चिंतेमागे आनुवंशिकता, स्वभाव, शाळेतले अनुभव अशी अनेक कारणं असतात. पण आई-वडिलांनी स्वतःचं वागणं बदललं, तर मूल बदलू शकतं. आनुवंशिकता बदलता येत नाही, शाळा पटकन बदलत नाही. घरातलं बोलणं मात्र आजपासून बदलता येतं.

घरात नेमकं काय करता येईल?

या पद्धतीचा गाभा दोन वाक्यांत मावतो. ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय. आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे.’ पहिल्या वाक्याशिवाय दुसरं म्हटलं, तर ते ‘त्यात काय घाबरायचं!’ होतं. दुसऱ्याशिवाय पहिलं म्हटलं, तर मुलाला वाटतं, आई-बाबांनाही मी जमवेन असं वाटत नाही.

शरीराबद्दल बोलायचंच असेल, तर दिसण्याऐवजी ते काय करू शकतं यावर बोला. ‘पोट बघ किती सुटलंय’ यापेक्षा ‘संध्याकाळी माझ्यासोबत चालायला चल’ हे बरं. पथ्य असेल तर घरात सगळ्यांनाच. एकीच्या ताटात भाकरी आणि भावाच्या ताटात तूप-पोळी असं नको.

स्वतःबद्दलचं बोलणंही तपासा. ‘मी किती जाडी दिसते, फोटो नको’ असं आई रोज म्हणत असेल, तर मुलगी ते शिकतेच.

नातेवाईक बोलले तर मुलाच्या बाजूने एक वाक्य पुरेसं असतं. ‘अहो काकू, वाढतं वय आहे, चालायचंच. ती या वर्षी कबड्डीच्या टीममध्ये आहे बरं का.’ भांडण होत नाही आणि मुलीला कळतं, आपलं माणूस आपल्या बाजूने आहे.

टाळाटाळ एकदम तोडू नका. लग्नाला पूर्ण दिवस नको वाटत असेल, तर फक्त जेवणापुरतं जाऊया. पुढच्या वेळी थोडं जास्त थांबूया. पायरी लहान असू द्या, पण चढायचीच असं ठरवा.

बोलायची वेळही निवडा. समोरासमोर बसवून ‘तुझं काय चाललंय?’ विचारलं, की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. गाडीवर मागे बसलेलं, भाजी निवडताना किंवा रात्री अंथरूण घालताना मूल जास्त बोलतं. तेव्हा लगेच उपाय सांगू नका. आधी ऐकून घ्या.

हे वाचणारं कुणी स्वतःच या वयात असेल तर?

एक म्हणजे, स्टेजवर असल्याचा भास खरा वाटतो, पण प्रेक्षक आपापल्या पिंपल्सच्या काळजीत असतात. दुसरं, फीड बघून झाल्यावर कसं वाटतं ते चार दिवस नुसतं टिपून ठेवा. ज्या अकाउंटनंतर दर वेळी स्वतःचाच राग येतो, ते म्यूट करायला कुणाची परवानगी लागत नाही. तिसरं, घरच्यांचं एखादं वाक्य लागलं असेल तर त्यांना ते कळलेलंच नसण्याची शक्यता मोठी आहे. भांडणाच्या वेळी नको, शांत वेळी सांगा. ‘तू असं म्हणालीस की मला दिवसभर वाईट वाटतं.’ तोंडाने जमत नसेल तर लिहून पाठवा. आई ऐकणार नाही असं वाटत असेल तर मावशी, काका, आजी, शाळेतल्या बाई, कुणीतरी एक मोठं माणूस निवडा.

चिंता नेहमीची की आजार, हे कसं ओळखायचं?

परीक्षेआधी धडधडणं, फोटोत वाईट दिसलो म्हणून चिडणं हे सगळ्यांनाच होतं. पण ही अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर मदत घ्यायला हवी. शाळा बुडू लागणं, मित्रांपासून तुटणं, जेवण टाळणं किंवा जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, आरशासमोर तास-तास घालवणं, झोप उडणं, वारंवार डोकं किंवा पोट दुखणं पण तपासणीत काही न निघणं, या खुणा आहेत.

स्वतःला इजा करणं किंवा ‘मी नसलेलाच बरा’ असं बोलणं हे ‘नाटक’ समजून सोडू नका. त्याच दिवशी मदत घ्या आणि मुलाला एकटं ठेवू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट आणि शांतपणे विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते.

असे त्रास दुर्मीळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयातल्या दर सातपैकी एकाला मानसिक आजार असतो. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळलं आणि महानगरांमध्ये ते १३.५ टक्के होतं.

मदत कुठे मिळते?

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा नंबर १४४१६. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. मुलांना धोका असेल, घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे. जिवावर बेतण्यासारखी वेळ असेल तर ११२.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. तिथे वयात येण्याबद्दलच्या शंकांपासून मनातल्या त्रासापर्यंत बोलता येतं. जवळचं क्लिनिक कुठे आहे हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारता येईल. सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालते.

आणि पुढच्या समारंभात एखादी भाची, पुतण्या समोर आला, तर ‘जाड झालीस’च्या जागी ‘सध्या काय बघतेस, काय खेळतेस?’ विचारून बघा. उत्तर ‘काही नाही’ असंच आलं तरी हरकत नाही. निदान ते मूल तुम्हाला बघून पुढच्या वेळी आतल्या खोलीत जाणार नाही.